मी तुझं नाव सांगितलं

आई, गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुझ्याबद्दल विचारलं आणि मी खोटं बोलले. प्रश्न साधा होता. आईला किंवा मावशीला गर्भाशयाच्या गाठींचा त्रास होता का? पुण्यातला दवाखाना, समोर माझ्याहून लहान वाटणारी डॉक्टरीण आणि शेजारच्या खुर्चीत तुझा जावई, ज्याला तू कधी पाहिलं नाहीस. मी म्हणाले, "नाही, आईला तसं काही नव्हतं." तिनं कागदावरच्या चौकोनात फुली मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. इतक्या सहज सुटका होईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "पाणी आणू का? चेहरा उतरलाय." मी उन्हावर ढकललं.

तू गेलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता छत्तीस पूर्ण झाली. मंचरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते आणि पुण्याच्या एका दैनिकाच्या शेतीच्या पानासाठी काम करते. बत्तिसाव्या वर्षी लग्न केलं, तेही कामातून सवड काढून केल्यासारखं. मागच्या वर्षी दिवस राहिले होते. तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर पाळी आली की दहा-दहा दिवस थांबेना. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी सहाला पान सोडायचं असतं तेव्हा पाच वाजताच डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी महिनाभर ते कामाच्या ताणावर टाकलं. मग एक दिवस ऑफिसातून आलेल्या मुलीसमोर खुर्चीवरून उठले आणि तिनं खुर्चीकडे पाहिलं. नुसती स्वतःची ओढणी काढून माझ्या हातात दिली. तेव्हा तू आठवलीस. म्हणजे आठवत होतीसच, पण त्या दिवशी तू जशी होतीस तशी आठवलीस.

सोनोग्राफीत तीन गाठी निघाल्या. डॉक्टरांनी पॅडवर उलटं ठेवलेलं वांगं काढावं तसं गर्भाशयाचं चित्र काढलं. दोन बारीक गाठी त्याच्या भिंतीत होत्या, त्यांच्याशी भांडण नाही म्हणाल्या. तिसरी मोसंबीएवढी, आतल्या पोकळीत शिरलेली. मूल राहतं ती जागाच तिनं दाबली आहे. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला मूल हवंय का? त्यावर सगळं ठरेल." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिला विचारा. पोट तिचं आहे." मला त्याचा रागच आला. नंतर कळलं की हे वाक्य मी उभ्या आयुष्यात घरात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, म्हणून ते कानाला टोचलं.

मी "हो" म्हणाले, पण खाली बघून. त्यांनी मग शांतपणे सगळं समजावलं. गोळ्या-इंजेक्शनांनी गाठ काही काळ लहान होते, पण थांबवलं की पुन्हा वाढते आणि तेवढे महिने मूल राहू देता येत नाही. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा एक उपाय आहे, त्यात पोट फाडावं लागत नाही. पण ज्यांना मूल हवं त्यांच्यावर त्याचा पुढे काय परिणाम होतो याची खात्री देता येत नाही, म्हणून मी तो आधी सुचवणार नाही, म्हणाल्या. नुसती गाठ काढून गर्भाशय शिवून घेता येईल. त्यानंतर काही महिने थांबायचं, मग प्रयत्न करायचे, आणि राहिलंच तर बाळंतपण बहुतेक सिझेरियननं. गाठी पुन्हा होऊ शकतात. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबेचना तर जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागतं, क्वचित लागतं, पण तसं आधी लिहून द्यावं लागतं. आणि मूल नकोच असेल तर सरळ गर्भाशय काढून टाकलं की हा त्रास कायमचा संपला. "विचार करा, घाई नाही. पण फार वेळही नाही," असं म्हणून त्यांनी फाईलवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. ती मी उलटी वाचली. बातमीदाराला उलटं वाचायची सवय असते. रुग्णाला मूल हवं आहे, गर्भाशय राखावं, अशा अर्थाची ती ओळ होती. तीच ओळ मी आधी एकदा वाचलेली होती, दुसऱ्या अक्षरात. त्याबद्दल पुढे लिहिते.

घरी सासूबाई आल्या होत्या, गावाकडची बाजरी आणि भोपळा घेऊन. त्यांना सांगावं लागलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पिशवीच काडून टाक बाई. माजी काडली तवा मी चौतीस वर्सांची व्हते. दुसऱ्या महिन्यात खुरपं हातात." मी हसून म्हणाले, "आत्या, बाजाराची पिशवी असल्यासारखं बोलता." त्या म्हणाल्या, "मंग काय तर. रिकामी झाली की खुंटीला लावायची." थोड्या वेळानं, भोपळा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर माजी भरून रिकामी झाली व्हती. दोन पोरं व्हती. तुजं तू बघ. आमी काय सांगावं." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तुझी आणि त्यांची गाठ पडली असती तर तुमचं जमलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

सगळ्यांना मी सांगितलं, विचार करतेय. तीन आठवडे झाले, विचार करतेय. पण खरं सांगायचं तर मी उपायांचा विचार करतच नव्हते. कुठला मला बरा हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी तुझ्यापाशी अडले होते. तुझी पिशवी माझ्यामुळे गेली, मग माझी राखून घ्यायला मी कुठल्या तोंडानं टेबलावर झोपू, हे डोक्यातून जाईना. एकदोनदा असंही मनात आलं की सरळ काढून टाकावी, म्हणजे फिटंफाट होईल. असा विचार शहाणी बाई करत नाही हे मला कळतं. तरी मी तो भाजी निवडताना केला, पान लावताना केला, एसटीत बसून केला.

त्या मे महिन्यात मी बारा वर्षांची. सहावी संपली आहे आणि सुट्टीत घरी नुसती बसू नको म्हणून तू मला पिंपळवंडीहून नर्सरीत घेऊन जातेस. नारायणगावच्या रस्त्याला, ओढ्यापलीकडे, हिरव्या शेडनेटची ती नर्सरी. तेव्हा आपल्या भागात ट्रेमधली टोमॅटोची रोपं नवी होती, लोक मोटारसायकल थांबवून बघायला यायचे. तुम्ही सातआठ बाया ओळीनं बसून ट्रेमध्ये नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरायच्या, एकेका खड्ड्यात एकेक बी टाकायच्या. माझ्याकडे झारीचं काम होतं. बारीक भोकांची निळी झारी, सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा. मालकानं दाखवलं होतं, आधी बोट लावून बघायचं, ओलं लागलं तर पुढे जायचं. तुला माझा अभिमान वाटत होता. दुसऱ्या बायांना सांगायचीस, "माजी पोरगी बोट लावून बघती, लई ध्यान हाय तिचं."

त्या नर्सरीत एक नियम होता, मालकाच्या आईचा. ज्या बाईला कावळा शिवला असेल तिनं जाळीच्या आत यायचं नाही. तिनं बाहेर लिंबाखाली बसून रिकामे ट्रे धुवायचे. रोज सकाळी म्हातारी दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि बाया आपल्या आपण बाजूला व्हायच्या. कुणी लाजायचं नाही, उलट थट्टा चालायची. "आज तुजा नंबर का? बस, बस, सावलीला बस, आमी हाय आत भाजून निघायला." चार दिवस लिंबाखाली, पाचव्या दिवशी आत. सगळ्या तसंच करायच्या. तूही महिन्यातून चार दिवस लिंबाखाली बसायचीस आणि पाचव्या दिवशी आत यायचीस. फरक एवढाच की तुझं पाचव्या दिवशी थांबलेलं नसायचं.

ते मला माहीत होतं, कारण आपण एकाच खोलीत झोपायचो. मोरीत साडीखाली वाळत घातलेले कपडे मी बघायचे. जीपमध्ये तुझ्या शेजारी बसायला मला नको वाटायचं. मला वास येतोय आणि सगळ्यांना येतोय असं वाटायचं. मी पुढे ड्रायव्हरजवळ, माझ्या वडिलांच्या, दादांच्या, ओळखीच्या माणसाजवळ जागा धरायचे आणि तू मागे कोंबड्यांच्या पाटीला टेकून उभी असायचीस. एकदा कुणीतरी विचारलं, "ती मागची तुजी आई ना?" मी ऐकू आलं नाही असं केलं.

आणि हेही मला माहीत होतं की त्याच्या महिनाभर आधी तू मला घेऊन जुन्नरला गेली होतीस. सरकारी दवाखान्याच्या बाकावर मला बसवून आत गेलीस. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळाच होता. तू मला कंपासपेटी घेऊन दिलीस, पत्र्याची, वर दोन हरणं असलेली, आणि म्हणालीस, "घरी इचारलं तर कंपास आनायला गेलतो म्हनायचं. बाकी काय बोलायचं न्हाई. बोलशील?" मी म्हणाले, न्हाई बोलणार. नाही बोलले. आजीनं विचारलं, दादांनी विचारलं, मी कंपासपेटी दाखवली. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मला गुपित ठेवता येतं हे तुला त्या दिवशी कळलं होतं. म्हणून तर नंतरचं तुला इतकं अनपेक्षित झालं असणार.

मेच्या शेवटी कोपऱ्यातले ट्रे मेले. आदल्या दिवशी उभी असलेली रोपं सकाळी देठापाशी बारीक होऊन आडवी पडली होती, कुणी दोऱ्यानं आवळून कापावीत तशी. एकेक ट्रे उचलून मालक बघत होता. कुणाची तरी ऑर्डर होती ती, चार दिवसांनी न्यायला येणार होते. म्हातारी खुर्चीवरून उठून आत आली. तिला कुणी उठलेलं बघितलं नव्हतं. तिनं ओरडाआरडा केला नाही. हळू आवाजात म्हणाली, "शिवलंय कोन तरी. खरं सांगा. मी काय खानार न्हाई कुनाला."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "मी तर परवाच न्हाले." दुसरी म्हणाली, "माजी बंद हुन दोन वर्सं झाली, मला कशाला बघता." कुणीतरी हसलं. मग तू म्हणालीस, "मी न्हाई." म्हातारीनं मान हलवली आणि सहज माझ्याकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नव्हतं. मी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "आई बाहेरची आहे. पंधरा दिवस झाले, थांबलंच नाही."

मी शुद्ध बोलले होते, शाळेत उत्तर द्यावं तसं. ते सगळ्यात वाईट आठवतं. मग ती परवा न्हालेली बाई पुटपुटली, "पंधरा दिवस? असं कसं?" ते "असं कसं" आपण घरी पोचायच्या आत गावात पोचलं होतं. म्हातारी तुला म्हणाली, "बाई, तुजं दुकनं असंल, पर सांगायचं व्हतं. माल गेला माजा." तू डबा उचललास, डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकलास आणि माझा हात धरून बाहेर आलीस. हात घट्ट धरला नव्हतास. रस्त्यात जीप थांबली, तू हातानंच नको म्हणालीस. आपण चालत निघालो. पुलाजवळच्या रसवंतीपाशी थांबून तू मला ग्लासभर रस घेऊन दिलास. तू घेतला नाहीस. घुंगरं वाजत होती आणि मी पीत होते. अर्धा ग्लास झाल्यावर मी तो तुझ्यापुढे केला. तू म्हणालीस, "पी तू. ऊन लई हाय." मला वाटलं, आता बोलशील, आता मारशील. मार बरा होता.

घरी आजी दारातच उभी. "पंदरा-पंदरा दिवस अंगावर जातंय आन् सांगत न्हाई? माजी भन अशीच गेली. गाठ व्हती, सांगितलं न्हाई, सडून गेली." ती रडत होती, आई. मोठेपणी मला हे मान्य करायला वेळ लागला की त्या घरात कुणी तुझं वाईट चिंतलं नव्हतं. दादा घाबरले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप दारात उभी केली आणि तुला गावातल्या नव्हे, पलीकडच्या मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं गाठ आहे म्हणून सांगितलं, पुढे वाईट होऊ शकते, पिशवी काढा, एक मूल आहेच की. दादा हो म्हणून आले. त्या संध्याकाळी तू चुलीपुढे होतीस आणि मी उंबऱ्यावर लसूण सोलत होते. तू भाकरी थापताना म्हणालीस, "जुन्नरच्या बाई म्हनल्या व्हत्या, नुसती गाठ निघती. पिशवी ठिवून. पुन्याला जावं लागतंय."

दादा म्हणाले, "मंग आदी का न्हाई बोलली?"

"हंगाम झाल्यावर बोलनार व्हते. कळलं की तुमी लगीच काडाल, ठावं व्हतं मला."

"जिवापरीस काय हाय?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस. पाणी फिरवलंस. मग म्हणालीस, "मला अजून एक पायजे व्हतं." अजून एक भाकरी हवी असल्यासारखं म्हणालीस, आवाज न चढवता. दादा उठून बाहेर गेले. आजीनं ऐकलं नाही असं केलं. त्या घरात ऐकलं नाही असं करायला मीच एकटी शिकले नव्हते. आठवड्यात तुझं ऑपरेशन झालं. तू तीस वर्षांची होतीस.

घरी आणल्यावर तू पडवीत बाजेवर पडून असायचीस. अंगणात डब्यात लावलेला कढीपत्ता होता. मी शहाण्या मुलीसारखी रोज त्याला तांब्यानं पाणी घालायचे, तुला दिसेल असं. एक दिवस तू मान वळवून बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "एवडं पानी घालू नगं. मरतंय त्यानं." मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तू कुशीवर वळलीस. त्या सगळ्या प्रकाराबद्दल तू मला बोललेलं एवढंच. पुढची सात वर्षं तू जेवायला वाढलंस, फी भरलीस, पुण्याला शिकायला जाताना एसटीच्या खिडकीतून पैसे दिलेस आणि "पोटाला खात जा" म्हणालीस. त्याबद्दल पुन्हा अक्षर नाही.

तू तापाच्या निमित्तानं चार दिवसांत गेलीस. दहाव्यानंतर आजीनं मला तुझे डबे आवरायला सांगितले. मोहरीच्या डब्यात, मोहरीच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. इंग्रजीत. तुला वाचता येत नव्हतं, पण तीत काय आहे हे तुला तोंडपाठ असणार. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी लिहिलेलं होतं. गाठ एकच, बाहेरच्या बाजूला. रुग्णाला आणखी मूल हवं आहे, गर्भाशय राखावं. पिशवी गेल्यावरही सात वर्षं तू ती जपलीस. मी ती तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. कुणाला दाखवली नव्हती.

शेतीच्या पानाचं काम कसं असतं तुला सांगते. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जूनच्या तोंडाशी टोमॅटोच्या रोपवाटिकेवर टिपण द्यावं लागतं. गेली अकरा वर्षं ते मीच लिहिते. रोपं देठापाशी बारीक होऊन कोलमडतात, याला मर म्हणतात. ती बुरशीनं येते. कारण, गरजेपेक्षा जास्त पाणी. कोपऱ्यात, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे ती आधी दिसते. कोकोपीट ओलं असेल तर पाणी देऊ नये. दोन वेळचं पाणी एकदम देऊ नये. हे शेवटचं वाक्य कुठल्याही विद्यापीठाच्या पुस्तिकेत नाही. ते मी घालते. संपादक एकदा म्हणाले, "हे कोण करतं, एवढं सांगायला पाहिजे का?" मी म्हणाले, "पोरं करतात."

परवा मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की नुसती गाठ काढायची, बाकी सगळं राखायचं. काल कागदपत्रांसाठी गेलो. जाताना तुझी चिठ्ठी पर्समध्ये घेतली होती. नवऱ्याला गाडीत म्हणाले, "मागच्या वेळी मी एक चुकीचं सांगितलं. आईला गाठ होती." त्यानं गाडी चालवता चालवता एवढंच विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "लाज वाटली." त्याला वाटलं, बायकांच्या आजाराची लाज. मी तसंच वाटू दिलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी उलगडून वाचली. घड्यांवर कागद विरला आहे, त्यांनी तो जपून धरला, ते मला आवडलं. म्हणाल्या, "छान लिहिलंय हो बाईंनी. मग पुण्यात नुसती गाठ काढली?"

"नाही. पिशवीच काढली. तिकडेच."

"कितव्या वर्षी?"

"तिसाव्या."

त्यांनी मान वर केली. "तिसाव्या? मूल हवंय असं इथे स्पष्ट लिहिलंय. मग का काढली?"

नवरा माझ्याकडे बघत होता. आई, मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "तेव्हा तसंच करायचे."

त्या हळहळल्या. फाईलमधली जुनी फुली खोडून त्यांनी तुझी नोंद केली, वयासकट. मग संमतीपत्र पुढे केलं. रक्तस्राव न थांबल्यास जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे, अशी एक ओळ त्यात होतीच. ती मी दोनदा वाचली. तुझ्या वेळी या ओळीखाली दादांचा अंगठा होता की सही, ते मला माहीत नाही. तुझं काहीच नव्हतं एवढं माहीत आहे. मी सही केली. मला ही पिशवी हवी आहे, मूल हवं आहे, आणि तुझी पिशवी गेल्यावरही मला ते हवंसं वाटतं याची लाज वाटते, तरी हवं आहे. ऑपरेशन सोमवारी आहे.

या आठवड्यात मरचं टिपण द्यायचं होतं. ते आज दुपारीच लिहून पाठवलं, वेळेच्या आधी. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. नर्सरीलगतच्या मालकाच्या घरी चार वाजता टीव्हीवर एक मालिका लागायची, म्हातारीची नात मला हाक मारायची. चारचं पाणी चुकू नये म्हणून मी ते सकाळच्याच पाण्यावर घालून टाकायचे. कोपऱ्यातल्या ट्रेना आधी, कारण तिथून नळ जवळ होता. तीन आठवडे. बोट लावून बघत नव्हते. त्या सकाळी मालक ट्रे उचलून बघत होता तेव्हा त्यांच्या खालून पाणी गळत होतं आणि ते मला दिसलं होतं. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं ती झारीकडे बघतेय, म्हणून मी तुझं नाव सांगितलं. कढीपत्त्याजवळ तू पुढे ट्रेच्या पाण्याचं विचारलं असतंस, तर तेव्हाही मी नाहीच म्हणाले असते.